डोमाजी मास्तरांनी सजवलेली माझी खोली

डोमाजी मास्तर कुणाच्याही खोलीत शिरले की सरळ येऊन बसत नसत. चार पावलं आत यायचे आणि मग तोंड भिंतीकडे ठेवून उलटे चालत पुन्हा दारापर्यंत जायचे. उलटं चालल्याशिवाय खोलीचं तोंड दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. या सवयीपायी ते एकदा आमच्या हेडमास्तरांच्या पायावर उभे राहिले होते, एकदा कुणाच्या तरी वाळत घातलेल्या पापडांत बसले होते. शाळेची नवी पाटी लांबून कशी दिसते हे बघता बघता तर ते भर रस्त्यात एका बैलगाडीवर जाऊन आदळले. गाडीवानानं तोंड सोडलं. डोमाजी मास्तरांनी शांतपणे त्याला विचारलं, की बैलांच्या शिंगांना हा रंग कुठून आणला, फारच उठून दिसतो आहे. गाडीवान शिव्या विसरला आणि रंगाची हकिगत सांगत बसला. समोरच्याचा राग अलगद दुसरीकडे वळवून द्यायचा, ही त्यांची खरी कला. चित्रकला त्यानंतरची. ती कला त्यांनी माझ्यावरही चालवली, नाहीतर मी हे लिहायला कशाला बसलो असतो?

आम्ही दोघं गोंदियाच्या एकाच शाळेत होतो. मी गणित शिकवायचो, ते ड्रॉइंग. उंच, जरा वाकलेले, धोतरावर काळा कोट, आणि कोटाच्या बाह्यांवर कायम निळीचे डाग. अंगाला सरसाचा वास यायचा, कारण शाळा सुटल्यावर ते गावोगावच्या नाटकमंडळींचे पडदे रंगवून द्यायचे. तोंडात सुपारी आणि बोलण्यात 'जी'. त्यांच्यावर रागावणं कुणालाच जमत नसे.

लढाईचे दिवस होते. धानगिरण्यांच्या मागं कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, छपराच्या आणि मातीच्या भिंतींच्या खोल्यांची ओळ होती, तिच्यात माझी खोली. ओळीत सगळे सडेफटिंग: रेल्वेतले बाबू, बिडीच्या कारखान्यातले मुनीम, आमच्यासारखे मास्तर. गिरणीचा कोंडा दिवसभर उडत यायचा. सकाळी उशीवर बसायचा, दुपारी वरणात. माझ्या खोलीच्या मागच्या भिंतीला ओल होती आणि वरपासून खालपर्यंत एक भेग. घरमालक शेठजींना ती दाखवली तर ते म्हणाले, "दीवार तो अच्छी है मास्टरजी, आप जरा दूर से देखा करो." अशा खोलीत डोमाजी मास्तर एका पावसाळ्यापुरते म्हणून राहायला आले आणि राहिलेच.

पहिले काही दिवस त्यांनी कशालाच हात लावला नाही. रोज नव्या कोपऱ्यात जाऊन बसायचे आणि सुपारी चघळत बघत राहायचे. "खोलीत आधी बसा लागते जी, मंग हात लावा लागते," असं म्हणायचे. मग एका रविवारी उठले आणि संध्याकाळपर्यंत खोली ओळखू येईनाशी झाली. माझी खाट खिडकीखालून उठून दाराच्या बाजूला आली. चुलीपुढं बुरडाकडच्या बांबूच्या तट्ट्याचा आडोसा झाला. रॉकेलचे डबे कापून फळी झाली, चहाच्या खोक्याचं टेबल झालं. बाजारात बाया विकायला आणतात ती छुई, म्हणजे पांढरी माती, तिच्यात चिमूटभर नीळ घालून त्यांनी भिंती सारवल्या. विकत म्हणावं असं फार काही आणलं नाही. विकत घेणाऱ्याला घर सजवता येत नाही, असं ते म्हणायचे, आणि आमच्या पगारात ते आम्हाला फार पटायचं.

पण भिंती त्यांनी तीनच सारवल्या. खाटेमागची चौथी भिंत काजळीनं काळी होती ती तशीच ठेवली. मी विचारलं, तर मला खाटेवर बसवून म्हणाले, "इथं पाहुना बसन. समोर पाहीन, बाजूले पाहीन. पाठीमांगं कायले पाहीन? पाठीले डोळे थोडीच राहते!"

मी हसलो. ओळीतले सगळेच हसले. आम्ही झोपतो कुठं, जेवतो कुठं, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. पाहुणा जिथं बसतो, तिथून जेवढी दिसते तेवढीच खोली. बाकीची नाहीच.

पाहुण्याचं एवढं महत्त्व का, तेही सांगायला हवं. आम्हा पोवारांत मुलगी द्यायची तर आधी घर पाहतात. घर म्हणजे शेत, शेताला पाणी देणारी बोडी, बैल, धानाची कोठी. नोकरी धरून शहरात आलेल्या पोराजवळ दाखवायला यातलं काय असणार? खोली. मग मुलीकडचे वडीलधारे खोली पाहायला यायचे. आमच्यातलेच नव्हे, ओळीतल्या इतर बाबूंकडेही यायचे. अशा दिवशी डोमाजी मास्तरांना फार भाव. पाण्याचा एक मोठा पितळी हंडा होता, आमच्याकडे त्याला गुंड म्हणतात, तो ते चिंचेनं घासून ज्याच्याकडे पाहुणे यायचे त्याच्या खोलीत नेऊन मांडायचे. कुणाचं घड्याळ, कुणाची सतरंजी, कुणाचा आरसा अशीच यात्रा करायची. रेल्वेतल्या एका बाबूचं लग्न होऊन नवी नवरी खोलीत आली, आणि तिनं पहिला प्रश्न विचारला की बाबांनी सांगितलेला गुंड कुठं आहे. गुंड तेव्हा पलीकडच्या खोलीत दुसऱ्या पाहुण्यांपुढं बसला होता. त्या बिचारीचा चेहरा पडला, आणि आम्ही पोट धरधरून हसलो. डोमाजी मास्तर या कामाचा एक पैसा घेत नसत, फक्त भजी खात. अशा माणसाबद्दल मनात वाईट कसं येणार?

मग माझी वेळ आली.

मी तिशीला टेकलो होतो. घरचं शेत भाऊ कसत होते. माझं म्हणायला पगार आणि ही खोली. दोन ठिकाणी बोलणी होऊन मोडली होती, दोन्ही वेळा कारण एकच: पोरगं भाड्याच्या खोपट्यात राहते. आणि त्यात मी यमुनेला पाहिलं होतं. नात्यातल्या एका लग्नाच्या पंगतीत ती भात वाढत होती. मी पानावर हात आडवा धरला, तर तिनं हाताच्या बाजूनं भात वाढला आणि म्हणाली, "मास्तर असून भूक मोजता येत नाई काय?" आणि पुढं गेली. त्या एका वाक्यावर मी वर्ष काढलं. तिचे वडील भिवरामजी तिरोड्याकडचे, चांगले शेतीवाले. त्यांच्याकडून निरोप आला की दिवाळीच्या आधी येऊन खोली पाहून जातो. माझी अवस्था काय झाली असेल! पंगतीची गोष्ट मी साऱ्या जगात एकट्या डोमाजी मास्तरांना सांगितली. ते म्हणाले, "मंग तुम्ही कायची काळजी नोका करू. खोली माझ्यावर सोडा."

अडचण खाटेच्या समोर येणाऱ्या, खोलीच्या मागच्या भिंतीची होती. तिच्यावरची छुई पावसाळ्यात गळून पडली होती, भेग आणखी रुंदावली होती, आणि ती नेमकी पाहुण्याच्या डोळ्यांसमोर. चादर टांगावी तर कापड रेशनवर. नेसायला धडुतं मिळायची मारामार. डोमाजी मास्तरांनी मुलीचं गाव कोणतं, कुणाच्या शेजारी, हे मला पुन्हा पुन्हा विचारलं. मला वाटलं, माझ्यासाठी किती बारकाईनं चौकशी करतात. मग एका संध्याकाळी ते खांद्यावर बांबूला गुंडाळलेलं लांबलचक कापड घेऊन आले आणि त्यांनी ते खोलीभर उलगडलं.

नाटकाचा पडदा होता. मध्ये दोन सिंहांचं सिंहासन, दोन्ही बाजूंनी खांब, खांबांमागं बाग, कारंजं. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि त्या रात्री गावची नाटकमंडळी दंडार, म्हणजे नाचगाण्याचं नाटक, करते. दंडारीचा पडदा म्हणजे गावाची इभ्रत. तो असा माझ्या खोलीत लोळताना पाहून मी पाय मागं घेतला. मी विचारलं, हा कुणाचा? ते म्हणाले, एका मंडळीनं रंग उडाला म्हणून टाकून दिला, आता माझाच. मी पुन्हा विचारलं. तर म्हणाले, "लग्न तुमचं का माझं?" एका ताटात जेवलेल्या माणसाचा शब्द मी खोटा का मानावा? 

त्यांनी कात्री लावली. खांब आणि बाग मागच्या भिंतीवर गेली. सिंहासनाचा तुकडा उरला, तो खाटेवर पसरला, रंगाची बाजू खाली, कोरी वर. गेरू आणि नीळ कालवून त्यांनी उडालेला रंग पुन्हा भरला. खोटं कशाला बोलू, खोली देखणी दिसत होती. कोंड्याच्या त्या वस्तीत अशी खोली कुणी पाहिली नसेल. त्या दिवशी मी त्यांच्या पाया पडायचाच बाकी राहिलो. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतःची ट्रंक, वळकटी, वहाणा शेजारच्या मुनिमाकडे नेऊन ठेवल्या. दोघांची खोली पाहुण्यांना धर्मशाळा वाटते, म्हणाले.

भिवरामजींबरोबर नात्यातले एक म्हातारे आले आणि मुलीचे मामा, कुवरलालजी. आमच्यात मामाशिवाय सोयरीक ठरत नाही, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. डोमाजी मास्तरांनी बापाच्या गावाची खोदून खोदून चौकशी केली. मामाचं गाव विचारायला मात्र ते विसरले. मामा आमगावकडचे होते.

पाहुणे खाटेवर बसले. भिवरामजींनी समोर पाहिलं, बाजूला पाहिलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. शहरात एकटं राहूनही पोरानं घर ठेवलं आहे, असं ते म्हाताऱ्याला म्हणाले. माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. तट्ट्यामागं डोमाजी मास्तर गुळाचा चहा करत होते. त्यांनी आडोशातून माझ्याकडे पाहून मान हलवली. ती मान मला अजून दिसते.

 मामा उठले, भिंतीजवळ गेले आणि एका खांबावर रंगवलेल्या फुलावर बोट ठेवून उभे राहिले. मग सावकाश म्हणाले, की हे फूल नवं आहे, याच्याखाली जळल्याची जागा आहे. दंडारीत गॅसबत्ती पडली होती आणि ती आग त्यांनी स्वतःच्या शेल्यानं विझवली होती.  मामा वळले. "सिंहासन कुठं आहे?"

त्यांनी भिवरामजींना उठवलं, खाटेवरच्या कापडाचं टोक धरलं आणि ते उलटं केलं. सिंह वर आले.

"याच्याच पुढं मी राजा होतो बापा, इतकी वर्षं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "मंडळीनं पडदा गोंदियाच्या एका मास्तरले रंगवाले देला. दसऱ्यापासून आमचं गाव वाट पाहून राहिलं. तेच मास्तर का तुम्ही?"

मी म्हणालो, "नाही मामाजी. पडदा यांनी आणला." आणि तट्ट्याकडे हात केला.

डोमाजी मास्तर बाहेर आले. हातातल्या कपबशा त्यांनी टेबलावर नीट ओळीत ठेवल्या, धोतराला हात पुसले.

"मी त पाहुना आहो जी इथं," ते म्हणाले. "या टेकचंदजीनं चहा कराले बोलावलं, म्हनून आलो. पडद्याचं मले काई माहीत नाई."

पाहुण्यांनी खोली पुन्हा एकदा पाहिली. एक खाट, एक ट्रंक, वहाणांचा एक जोड. ट्रंक त्यांनी याचसाठी हलवली होती, असा आरोप मी आजही करत नाही.  मी बोललो, बरंच बोललो, आणि जितकं बोललो तितका चोर दिसत गेलो. चहा कुणी घेतला नाही. म्हाताऱ्यानं हातातली सुपारी परत तबकात ठेवली. त्याचा अर्थ आमच्यात सांगावा लागत नाही. भिवरामजी माझ्याकडे न बघता बाहेर पडले. मामा दारात थांबून एवढंच म्हणाले, की पडदा जोडून द्या, मंडईला तो उभा राहिला पाहिजे.

पाहुणे दिसेनासे झाल्यावर डोमाजी मास्तरांनी भिंतीवरून कापड उतरवलं, जमिनीवर तुकडे जुळवले आणि सुई ओवली. मी समोर उभा होतो.  मी विचारलं, असं का केलंत?

त्यांनी वर पाहिलं. चेहऱ्यावर ओशाळेपणाची रेघही नव्हती. "इचार करा ना टेकचंदजी," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "तुमाले दुसरी पोरगी भेटन. पडदा मी कापला म्हनून सांगतलं असतं, त मले कोनती मंडळी पुन्हा काम देईन? काऊन एवढं मनाले लावून घेऊन राहिले? जरा हा कोपरा धरा."

आणि मी तो कोपरा धरला. सांगायलाही लाज वाटते, पण धरला. त्यांच्यापुढं माणसाचं असंच व्हायचं.

खरं लपून राहिलं नाही. पडदा परत गेला तेव्हा ज्यांनी तो रंगवायला दिला होता त्यांनी मास्तर कोण ते सांगितलं. मामा स्वतः शाळेत आले, व्हरांड्यात माझ्यापुढं हात जोडून उभे राहिले. पण तोवर यमुनेची सोयरीक बालाघाटकडे पक्की झाली होती, शब्द दिला गेला होता. डोमाजी मास्तरांचं काय झालं म्हणाल तर काहीच नाही. शिवणीवर त्यांनी अशी वेल रंगवली होती की पडदा पहिल्यापेक्षा बरा दिसतो असं गाव म्हणालं, आणि पुढच्या साली त्याच मंडळीनं त्यांना आणखी काम दिलं. मी बदली मागून देवरीला गेलो. चारी बाजूंनी जंगल, शाळेला दोन वर्ग. पुढं माझं लग्न झालं. बायको चांगली मिळाली, संसार चांगला आहे. पण मी यमुनेचं नाव कुणापाशी काढत नाही आणि त्या माणसाला क्षमा केलेली नाही. ज्याला मनातली गोष्ट सांगितली, त्यानंच ती बाजारभावानं तोलून पाहिली. त्या दिवशी ते घाबरले असते, तर मी समजून घेतलं असतं. ते घाबरलेही नव्हते.

लढाई संपून गेली होती तेव्हाची ही शेवटची भेट. दुपारच्या सुट्टीत शाळेपुढं एक बैलगाडी थांबली आणि तिच्यातून डोमाजी मास्तर उतरले. केस पांढरे झाले होते. त्यांनी मला मिठीच मारली, बायकोची, पोराची चौकशी केली, देवरीची हवा मला मानवली म्हणाले. त्यांच्याबरोबर साकोलीकडचे एक वृद्ध होते. ते मला बाजूला घेऊन वर्गात आले. त्यांची तरुण मुलगी विधवा होती. डोमाजी मास्तर तिच्याशी पाट लावायला तयार होते. घरात बापाशिवाय तिला कुणी नव्हतं आणि बाप थकला होता. माणूस कसा आहे हे कुणाला विचारू, असं त्यांनी डोमाजींनाच विचारलं, तर त्यांनी माझं नाव सांगितलं. देवरीच्या मास्तरांइतकं मला जवळून कुणी ओळखत नाही, म्हणाले.

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. ते मोहाच्या सावलीत उभे राहून गाडीवानाशी हसत बोलत होते. त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. किंवा आठवत असूनही त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही आहे असं वाटत नव्हतं. माझं आयुष्य ज्या दुपारी दुसऱ्या वाटेला लागलं, ती त्यांच्या हिशेबात कुठं नव्हतीच. इतक्या वर्षांत मला एवढं कधी लागलं नव्हतं.

मी म्हाताऱ्यांना म्हणालो, की आम्ही एका खोलीत राहिलो आहोत, घर फार सुंदर ठेवतात, व्यसन सुपारीखेरीज काही नाही, आणि कुणावर कधी आवाज चढवल्याचं मला ठाऊक नाही. यातलं अक्षरही खोटं नव्हतं.

म्हाताऱ्यांनी मान हलवली. "ते नाई इचारत मी," ते म्हणाले. "पाटाची बायको आहे. लोकं बोलतीन तिले. तवा हा मानूस तिच्या बाजूनं बोलन का, एवढंच सांगा."

"नाही बोलणार," मी म्हणालो.

त्यांनी कारण विचारलं नाही. काठी घेतली, हळूहळू उठले आणि बाहेर जाऊन गाडीत बसले. डोमाजी मास्तर त्यांच्या शेजारी चढले. गाडी जंगलाच्या वळणाशी पोचली तेव्हा ते वळले आणि मला पाहून त्यांनी हात उंच केला, आपलं काम नीट झाल्यासारखा. मीही हात वर केला.